कॉफीचे क्रीमर : डब्यातले की आपल्या हातचे?



चहा हा आपल्या घरांचा कायमचा सोबती असला तरी कॉफीशी मुसलमानांचे नाते फार जुने आहे. पंधराव्या शतकात यमनमधील सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून कहवा पीत. हजहून परतताना हजरत बाबा बुडन यांनी यमनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगितले जाते. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आता आपल्याकडेही तरावीहनंतर किंवा मेहमान आले की कॉफी होते, आणि तिच्यासोबत क्रीमरचा डबाही घरात येतो. कधी तो दुकानातून येतो, तर कधी आखाती देशातून सुटीवर आलेल्या भावाच्या बॅगेतून.

या डब्यात काय असते, हे आधी पाहू. दुकानात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. डेअरी व्हाइटनर म्हणजे दुधाची पावडर, आणि बहुतेक वेळा तिच्यात साखर मिसळलेली असते. नॉन-डेअरी क्रीमर मात्र दूध नव्हेच. त्यात मुख्यतः ग्लुकोज सिरप आणि घट्ट केलेले वनस्पती तेल असते. त्यातही सोडियम केसिनेट नावाचे दुधातलेच प्रथिन बरेचदा घातलेले असते. म्हणून ज्यांना दुधाची अॅलर्जी आहे त्यांनी ‘नॉन-डेअरी’ या शब्दावर विसंबू नये. लेबलवर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिलेच नाव साखरेचे किंवा ग्लुकोज सिरपचे असेल, तर मधुमेह असलेल्या अब्बांच्या कपात आपण काय घालतो आहोत ते लगेच कळते. तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही लेबलवर ‘हायड्रोजनेटेड’ शब्द दिसला तर तो डबा रोजच्या वापरात न ठेवणेच बरे.

हलालचा प्रश्नही येथे येतो. क्रीमरमध्ये ४७१ क्रमांकाचा पदार्थ असतो. तो तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. तो वनस्पतीपासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. भारतीय पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ही काळजी मिटते. परदेशी डब्यावर हलालची खूण पाहावी. व्हॅनिलाच्या स्वादाबाबतही सावध राहावे. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगा अल्कोहोलमध्ये मुरवून काढलेला अर्क. घरात वेलची आणि जायफळ असताना अशा शंकेत पडायचेच कशाला?

आता घरची कृती.

पातळ क्रीमर : एक लिटर फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. सतत ढवळत ते अर्धा लिटर होईपर्यंत आटवावे. बाजूला जमणारी साय खरवडून दुधातच मिसळावी. चार मोठे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा वेलचीपूड घालून पाच मिनिटांनी गॅस बंद करावा. खायच्या सोड्याची अगदी छोटी चिमूट टाकावी. कॉफी आंबटसर असते, त्यामुळे आटवलेले दूध तिच्यात कधी कधी फाटते. सोड्याने तो धोका कमी होतो, पण चिमूट मोठी झाली तर साबणासारखी चव येते. थंड झाल्यावर गाळून उकळत्या पाण्याने धुतलेल्या, कोरड्या बाटलीत भरावे. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. कपाला दोन मोठे चमचे घेतले तर सुमारे सोळा कप होतात. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे. सहरीच्या घाईत एक-दोन तुकडे गरम कॉफीत टाकले की काम झाले.

कोरडे क्रीमर : दोन वाट्या साखर नसलेली सायीच्या दुधाची पावडर, पाव ते अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धा छोटा चमचा वेलचीपूड आणि चिमूटभर सुंठ एकत्र करून दोनदा चाळावे. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरावे आणि चमचाही कोरडाच वापरावा. प्रवासात किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना द्यायला हे सोयीचे. वापरताना कपात आधी दोन चमचे पावडर थोड्या कोमट पाण्यात कालवावी, मग कॉफी ओतावी. गुठळ्या होत नाहीत. मधुमेह असणाऱ्यांसाठी पिठीसाखर न घालता वेगळी बरणी करावी आणि तिच्यावर नाव लिहून ठेवावे.

नारळाचे क्रीमर : दूध पचत नसेल तर कोकणातल्या घरांना उपाय शोधायला लांब जावे लागत नाही. एका नारळाचे घट्ट दूध काढावे. एक छोटा चमचा कॉर्नफ्लोर थोड्या गार पाण्यात कालवून त्यात मिसळावे. चिमूटभर मीठ आणि चवीपुरता गूळ घालून मंद आचेवर ढवळत राहावे. जरा दाट झाले की उतरवावे, खळखळ उकळू देऊ नये. फ्रिजमध्ये दोनच दिवस ठेवावे.

साखरेऐवजी खजूर हवा असेल तर पाच-सहा मऊ खजूर कोमट दुधात भिजवून वाटावेत, गाळावेत आणि पातळ क्रीमर पूर्ण थंड झाल्यावर त्यात मिसळावेत. मात्र खजूरही गोडच असतो. मधुमेहींनी तो साखरेइतकाच मोजून घ्यावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. दूध संपले किंवा महाग पडते म्हणून काही घरांत व्हाइटनर किंवा क्रीमर पाण्यात कालवून तान्ह्या बाळाला पाजतात. हे कदापि करू नये. मग ते बाजारचे असो की वर सांगितलेले घरचे. दिसायला ते दुधासारखे असले तरी बाळाच्या वाढीला लागणारे पोषण त्यात नसते. पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे. ते पुरत नसेल तर उशीर न करता डॉक्टरांना विचारावे. घरात सासूबाई असोत वा नणंद, ही गोष्ट त्यांनाही जरूर सांगा.

आठवड्याला लागेल तेवढेच क्रीमर करा, म्हणजे फेकण्याची वेळ येणार नाही आणि इस्राफही टळेल. मेहमानांसमोर कप ठेवताना त्यात काय काय आहे हे आपल्याला ठाऊक असेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या दस्तरखानात बरकत देवो. आमीन.