आधी सेवकवर्गास बसवा!

वैशाखात पांढरकवड्याच्या शिवारावर वळवाचे ढग चढू लागले की शहाणा शेतकरी काम अर्धे टाकून गडीमाणसांना आसऱ्यास आणतो. हे व्यवहारज्ञान विमानात का नसावे, असा आमचा सवाल आहे. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले विमान उतरतेवेळी वादळी हवेत सापडले; १४ प्रवासी व ३ सेवक जखमी झाले आणि एका प्रवाशाने पुढे प्राण गमावला.

पट्टा बांधण्याची आज्ञा प्रवाशास होते. हवाईसेविका मात्र पुष्कळदा जड ट्रॉलीसह उभीच असते. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात हवेच्या धक्क्यांनी गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांत १२९ विमानाचे कर्मचारी होते. हा योगायोग नव्हे. स्वच्छ आभाळातले काही धक्के पूर्वसूचना देत नाहीत. म्हणूनच जेथे सूचना मिळते तेथे ती दवडणे अक्षम्य होय. मे २०२४ मध्ये आपल्या विमानात एक प्रवासी दगावल्यावर सिंगापूर एअरलाइन्सने, पट्ट्याचा दिवा लागताच जेवण थांबवून सेवकांनाही बसविण्याचा नियम केला. तो सर्वत्र सक्तीचा व्हावा, आणि कागदावर असेल तेथे पाळला जावा.

आमच्या वाचकांचेही येथे कर्तव्य आहे. दिवा लागलेला असता चहासाठी घंटी वाजवू नये. चहा उशिरा मिळाला तर काही बिघडत नाही; मोडलेला कणा मात्र सहजी सांधत नाही.