कोणता तुका म्हणे?

भाविक वाचकहो, कीर्तनात आपण संतवचनाला ‘प्रमाण’ म्हणतो. बुवांनी सिद्धांत मांडावा, टाळकऱ्यांनी प्रमाणाचा चरण उचलावा आणि वाद तिथेच मिटावा, ही आपली रीत. मग ज्या शब्दाने वाद मिटतो, तो शब्द खरोखर त्या संताचा आहे ना, हे पाहायला नको काय?

आज फोनवर रोज एखादा नवा ‘अभंग’ येतो. भाषा कालपरवाची, यमक ओढून आणलेले. पण शेवटी ‘तुका म्हणे’ असले की आपण हात जोडतो आणि पुढे पाठवतो. गाथा उघडून पाहा, तो सापडत नाही. तरी तोच उद्या पत्रिकेवर छापला जातो, दिंडीच्या फलकावर लागतो, कधी कीर्तनातही उभा राहतो.

दुखणे जुने आहे. तुकोबांच्या हयातीतच सालोमालोने त्यांचे अभंग घेऊन आपली मुद्रा लावली. तुकोबांनी त्याचा खरपूस समाचार घेतला, तो गाथेत आहे. सालोमालोने शब्द ठेवला आणि नाव पुसले. आजचा तोतया शब्द स्वतःचा घुसवतो आणि नाव तुकोबांचे लावतो. पहिली चोरी निदान संताचा विचार तरी जगू देत होती. दुसरी त्या विचारावरच घाला घालते.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगितली गेली. २९४ वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथमहाराजांना ती शुद्ध करावी लागली, कारण नकलांतून पाठ बिघडले होते. नाथ स्वतः थोर कवी. मनात आणते तर शेकडो ओव्या घालू शकले असते. त्यांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी सक्त ताकीद शेवटी दिली. मराठीत ग्रंथशुद्धीचा पाया असा भक्तीनेच घातला. म्हणून ‘खरेखोटे तपासणे हे पंडितांचे काम, भाविकाचे नव्हे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला पैठणची वाट दाखवा.

न तपासल्याने काय होते, तेही पाहा. नामदेवरायांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या. त्याने कपट केले असे नव्हे. नावसारखेपणाने घोटाळा झाला. पण तेवढ्यानेही नामदेवांचे चरित्र लिहिणाऱ्यांपुढे प्रत्येक अभंगापाशी प्रश्न उभा राहतो. तुकोबांच्या एका छापील गाथेत ४,५०० हून थोडे अधिक अभंग, तर दुसरीत ८,००० हून अधिक. सहज मिसळले तरी निवडायला पिढ्या लागतात. मग मुद्दाम मिसळलेले कोण निवडणार?

कोणी म्हणेल, “भाव शुद्ध असला म्हणजे झाले, संतांना कुठे नावाचा सोस होता?” नव्हताच. पण मुद्रा ही कीर्तीची पाटी नव्हे. या शब्दाचा जाब मी देईन, असा तिचा अर्थ आहे. तुकोबांनी तो जाब दिला. वह्या इंद्रायणीत गेल्या तरी शब्द सोडला नाही. तुमचा भाव शुद्ध असेल तर स्वतःच्या नावाने लिहा. पिंपळनेरच्या निळोबारायांनी तुकोबांना गुरू मानले. तुकोबांची मुद्रा वापरायचा अधिकार कुणाला असताच, तर तो त्यांना होता. त्यांनी मात्र ‘निळा म्हणे’ असेच लिहिले.

“पिढ्यान्‌पिढ्या गायलेले पद टाकून द्यायचे काय?” नाही. गा, आनंदाने गा. फक्त त्याला प्रमाण म्हणू नका. कारण ज्याला आपल्या जातीचा, पक्षाचा, भांडणाचा कैवार हवा असतो, तो चार ओळी जुळवतो आणि संताला साक्षीला उभा करतो. ‘हे माझे बोल नव्हेत’ असे सांगायला तुकोबा आज येणार नाहीत. ते सांगणे आपल्यावर आले आहे.

म्हणून नेम धरा. गाथेत अभंग सापडल्यावाचून ‘तुका म्हणे’ पुढे पाठवायचे नाही, छापायचे नाही, कीर्तनात उभे करायचे नाही. पाठवणाऱ्याला नम्रपणे विचारा, “माउली, अभंगाचा क्रमांक काय?” गळ्यात माळ घालताना आपण खोटे न बोलण्याचे मान्य केले आहे. संतांच्या तोंडून खोटे वदवणेही त्यातच आले.

रामकृष्णहरी.