वीज अटकाव यंत्र बसवलं, तरी घरातला टीव्ही का जळतो?

वळवाचा पाऊस सुरू झाला की मराठवाडा आणि विदर्भातून वीज पडल्याच्या बातम्या येऊ लागतात. परतीच्या पावसात त्या पुन्हा येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींमुळे ८,०६० जणांचा अपघाती मृत्यू झाला. त्यातले २,८८७ मृत्यू एकट्या विजेमुळे झाले. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त.

त्यामुळे शाळा, ग्रामपंचायत, सोसायटीच्या गच्चीवर वीज अटकाव यंत्र बसवण्याची मागणी वाढली आहे. एकच यंत्र बसवा आणि आजूबाजूचा शंभर मीटरचा परिसर सुरक्षित करा, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. पण यंत्र बसवूनही टीव्ही, राउटर, पाण्याची मोटर जळाल्याच्या तक्रारी थांबत नाहीत. असं का होतं? आणि शंभर मीटरच्या दाव्यात किती तथ्य आहे?

यंत्र वीज अडवत नाही, तिला वाट देतं

'अटकाव' या नावामुळे गैरसमज होतो. छतावरची दांडी वीज थांबवत नाही. वीज त्या जागी पडणारच असेल, तर ती स्वतःवर घेते आणि जाड पट्टीतून जमिनीत नेऊन सोडते.

ही कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची. मे १७५२ मध्ये फ्रान्समधल्या मार्ली गावात त्याच्या सूचनेनुसार उंच लोखंडी दांडी उभारून ढगातून ठिणग्या मिळवण्यात आल्या आणि आकाशातली वीज म्हणजे विद्युतच, हे सिद्ध झालं. टोकदार दांडी ढगातला भार हळूहळू काढून घेईल आणि वीज पडणारच नाही, अशीही आशा फ्रँकलिनला होती. ती खरी ठरली नाही. दांडी वाचवते ती वीज झेलून.

यासाठी तीन गोष्टी लागतात : वर झेलणारी दांडी, खाली नेणारी पट्टी आणि जमिनीतलं अर्थिंग. यातली एक जरी तुटली, तर उरलेल्या दोन धोकादायक ठरतात. पट्टी चोरीला गेली किंवा गंजून तुटली, तर छतावरची दांडी वीज बोलावते आणि ती पुढे भिंतीतून, वायरिंगमधून वाट शोधते.

धातूची खोली

दांडीच्या पुढची कल्पना मायकेल फॅरेडेची. १८३६ मध्ये त्याने लंडनमध्ये एक मोठी पेटी बनवून घेतली, तिला बाहेरून धातूचं आवरण दिलं आणि तिच्यावर प्रचंड विद्युतभार सोडला. बाहेर ठिणग्या उडत असताना तो आत उपकरणं घेऊन बसला होता. उपकरणांवर काहीच परिणाम झाला नाही. भार धातूच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो, हे त्यातून दिसलं. यालाच आज 'फॅरेडेचा पिंजरा' म्हणतात.

१८७६ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हीच कल्पना इमारतींना लावली. दारूगोळ्याचं कोठार वाचवायचं असेल, तर त्याभोवती धातूचा पिंजरा करा, असं त्याने सुचवलं. पिंजरा पूर्ण असेल, तर आतल्या दोन वस्तूंमध्ये ठिणगी पडण्याइतका फरकच निर्माण होणार नाही, हा त्यामागचा तर्क.

हा पिंजरा रोजच्या जगण्यातही भेटतो. बंद काचांची, धातूच्या टपाची कार विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण देते ती त्याच्यामुळेच. एमआरआय मशिनची खोली तांब्याच्या पत्र्याने किंवा तशाच धातूने मढवलेली असते, कारण बाहेरच्या रेडिओ लहरी आत आल्या तर प्रतिमा खराब होते. आरसीसी इमारतीतल्या सळया एकमेकींना नीट जोडलेल्या असतील, तर इमारतीचा सांगाडाही काही प्रमाणात हेच काम करतो.

भिंतच ढाल झाली तर?

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातले ख्रिस्तोफर तुआन आणि लिम न्गुयेन यांनी हाच विचार काँक्रीटमध्ये आणला. सुरुवातीचा उद्देश वेगळा होता. पुलावरचा बर्फ वितळवण्यासाठी वीज वाहून नेणारं काँक्रीट तयार करायचं होतं. त्यात पोलादाचे तंतू आणि कार्बन मिसळले होते. पुढे लक्षात आलं, की हेच मिश्रण विद्युतचुंबकीय लहरी शोषून आणि परावर्तित करून अडवतं. मग खडीच्या जागी मॅग्नेटाइट हे चुंबकीय गुणधर्माचं लोहखनिज वापरून ही क्षमता वाढवण्यात आली.

अशा भिंतींची गरज कोणाला? १९६२ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोटाची चाचणी केली. तिथून सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यांवरचे दिवे गेले. स्फोटाच्या विद्युतचुंबकीय झटक्याचा तो परिणाम होता. तेव्हापासून लष्करी केंद्रं आणि महत्त्वाच्या संगणक यंत्रणा अशा झटक्यांपासून वाचवण्याचे शोध सुरू आहेत. धातूने मढवलेल्या खोल्या महाग पडतात. भिंतीच्या काँक्रीटनेच ते काम केलं, तर खर्च कमी होईल, ही अपेक्षा आहे.

पण भिंत कितीही चांगली असली, तरी दार, खिडकी आणि आत येणारी वायर उरतेच. प्रत्येक वायरला फिल्टर आणि दाराच्या फटीला धातूची पट्टी दिली नाही, तर ढाल निरुपयोगी होते. टीव्ही का जळतो, याचं उत्तर इथेच आहे.

वीज घरात शिरते ती वायरीतून

विजेचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअर असतो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. त्याच्या वाढीच्या वेगातच खरी अडचण आहे. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १० हजार अँपिअरने वाढत असेल, तर खाली नेणाऱ्या पट्टीच्या प्रत्येक मीटरवर सुमारे १० हजार व्होल्ट तयार होतात. तीन मजली इमारतीत हा फरक जवळजवळ एक लाख व्होल्टपर्यंत जातो. पट्टीशेजारून केबल किंवा पाण्याचा पाइप गेला असेल, तर मधल्या हवेतून ठिणगी त्यावर उडी मारू शकते.

दुसरं कारण म्हणजे वीज घरावर पडायचीही गरज नसते. शेजारच्या खांबावर किंवा काही अंतरावर ती पडली, तरी विजेच्या आणि केबलच्या तारांमध्ये दाबाची लाट उसळते. ती मीटरमधून थेट सॉकेटपर्यंत येते. छतावरच्या दांडीला तिचा पत्ताही नसतो.

एमसीबी इथे कामाला येत नाही. तो मिलिसेकंदांत पडतो, लाट त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. त्यासाठी मुख्य बोर्डवर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस लागतं. दाब वाढताच ते लाटेला अर्थिंगकडे वळवतं. अर्थिंगच खराब असेल, तर तेही हतबल. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढून ठेवणं.

शंभर मीटरच्या दाव्याचं काय?

भारताने स्वीकारलेलं आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक दांडी किती भाग वाचवते, हे केवळ तिची उंची आणि जागा पाहून ठरवतं. त्यासाठी २० ते ६० मीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोल इमारतीवरून फिरवला जातो. गोल जिथे टेकेल, तिथे वीज पडू शकते, म्हणून तिथे दांडी किंवा पट्टी हवी. दांडीच्या आत काही खास यंत्रणा आहे, म्हणून जास्त परिसर मोजावा, याला या मानकात जागा नाही. किरणोत्सारी दांड्यांना तर ते परवानगीच देत नाही.

मोठ्या परिसराचा दावा सहसा 'अर्ली स्ट्रीमर एमिशन' प्रकारच्या यंत्रांबद्दल केला जातो. ही यंत्रं साध्या दांडीपेक्षा आधी विजेला सामोरी जातात, असं सांगितलं जातं. फ्रान्सचं एक राष्ट्रीय मानक त्यांना मान्यता देतं. पण न्यू मेक्सिकोतल्या एका डोंगरावर चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी सात वर्षं वेगवेगळ्या दांड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहिल्या, तेव्हा वीज बोथट टोकाच्या साध्या दांड्यांवर पडली. अणकुचीदार दांड्यांवर आणि या खास यंत्रांवर ती पडली नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा मोठ्या परिसराच्या जाहिरातींना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा निष्कर्ष निघाला.

याचा अर्थ ही यंत्रं निरुपयोगी आहेत, असा नाही. अर्थिंग नीट असेल, तर ती साध्या दांडीइतकं काम करतात. प्रश्न जास्तीच्या परिसराचा आणि त्यासाठी मोजलेल्या पैशांचा आहे.

शेतातल्या माणसाचं काय?

समजा, शंभर मीटरचा दावा खरा आहे. तरी त्या वर्तुळात येते फक्त ३.१ हेक्टर, म्हणजे पावणेआठ एकर जमीन. गावाचं शिवार शेकडो हेक्टरांचं असतं. ग्रामपंचायतीच्या छतावरचं यंत्र ग्रामपंचायतीची इमारत वाचवेल. पेरणी करणारा शेतकरी, गुरं राखणारा मुलगा, झाडाखाली उभी राहिलेली मजूर बाई त्या वर्तुळाबाहेरच राहतात. विजेचे बहुतेक बळी मात्र याच लोकांमधून जातात.

त्यांच्यासाठी वेळेवर मिळालेला इशारा आणि जवळचा पक्का निवारा जास्त महत्त्वाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेची सूचना देतं. चार खांबांवर पत्रा टाकलेली उघडी शेड हा मात्र निवारा नव्हे. एकट्या उंच झाडाखाली थांबणं तर सगळ्यात घातक.

यंत्र घेण्याआधी काय विचारावं?

- संरक्षणाचा आराखडा आयएस/आयईसी ६२३०५ प्रमाणे काढला आहे का? तो कागदावर द्या.
- खाली येणाऱ्या पट्ट्या किती? किमान दोन असतील, तर प्रवाह विभागला जातो.
- अर्थिंगचा रोध मोजून दाखवणार का? तो शक्यतो १० ओहमपेक्षा कमी असावा.
- पाण्याचे पाइप, गच्चीवरची टाकी, सोलर पॅनलचा सांगाडा एकाच अर्थिंगला जोडणार का?
- मुख्य बोर्डवर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस दरात धरलं आहे का?
- दरवर्षी पावसाळ्याआधी तपासणी कोण करणार?

या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली नाहीत, तर दरपत्रकात शंभर मीटर लिहिलं असो की दोनशे, छतावर फक्त एक दांडी उभी राहील. आणि शाळेच्या छतावर ती उभी केल्यावर शिवारासाठी इशारा आणि निवाऱ्याची सोय करायची राहिली असेल, तर ग्रामसभेत त्याचाही हिशेब विचारायला हवा.