नोकरी पदकाआधी की पदकानंतर?

मंडळी, या शनिवारचा विषय आहे ललिता बाबर. 'कोण बरं ही?' असं मनात आलं असेल तर लाजू नका, आमच्या ऑफिसात दहापैकी आठ जणांनी हाच प्रश्न विचारला. उरलेल्या दोघांपैकी एकाला ती क्रिकेटर वाटली!

तर थोडक्यात ओळख. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, म्हणजे पाऊस ज्याला कायम गृहीत धरतो आणि विसरतो तो भाग. तिथल्या मोही गावात १९८९ साली जन्म. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१४च्या जानेवारीत भारतीय महिलांत सलग तिसऱ्यांदा पहिली आली. सीएसटीहून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी, वांद्रे, मग माहीम, दादर, प्रभादेवी करत परत. बेचाळीस किलोमीटर. छत्तीस-सदतीस किलोमीटर पाय ओढल्यावर पेडर रोडचा चढ पुन्हा समोर उभा राहतो. आपल्याला तो टॅक्सीत बसूनही कळतो :)

आता गंमत बघा. या विजयानंतर बाईंनी मॅरेथॉनवरून लक्ष वळवलं ते ३००० मीटर स्टीपलचेसकडे. स्टीपलचेस म्हणजे साधं धावणं नव्हे. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो, इथे तो हलत नाही, आपण पडतो. त्याच वर्षी इंचॉन एशियाडमध्ये कांस्य. २०१५ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०१६ला अर्जुन पुरस्कार. २०१६ला रिओमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम, आणि थेट अंतिम फेरी! १९८४ साली पी. टी. उषाचं पदक एक शतांश सेकंदाने हुकलं, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला हीच. बत्तीस वर्षांनी. १५ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली, ललिता दहावी आली.

रिओनंतर त्या पातळीवर ती पुन्हा धावताना दिसली नाही. राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी पदावर घेतलं. तिचा विक्रम पुढे २०२३ मध्ये पारुल चौधरीने मोडला. झालं, एवढीच गोष्ट.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. कारण हे ऐकल्यावर हमखास येणारी प्रतिक्रिया ठरलेली: 'सरकारी नोकरी मिळाली ना, मग कशाला धावेल?' सुस्कारा सोडून म्हणतात, जणू खुर्चीच्या मोहापायी तिने देशाला फसवलं. अरे बाबांनो, मी आज अठ्ठावीस वर्षांचा आहे. आमच्या धंद्यात या वयाला 'आता कुठे सुरुवात' म्हणतात. धावपटूच्या गुडघ्यांचं गणित वेगळं असतं. तिच्यापुढे अजून तीस वर्षांचं आयुष्य आणि घरखर्च उभा असतो, आणि 'ऑलिंपिकमध्ये दहावी' या ओळीवर कुठली बँक घराचं कर्ज देते ते मला कळवा.

बरं, हे फक्त आपल्या गरीब देशाचं रडगाणं आहे का? अजिबात नाही. बर्फावरच्या श्रीमंत खेळाचं उदाहरण घ्या. इटलीचा आल्बेर्तो तोंबा, स्कीइंगमधला सुपरस्टार, १९८८ आणि १९९२ मिळून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. हा गडी काराबिनिएरी, म्हणजे तिथल्या पोलीसदलात होता! इटलीचे कितीतरी स्कीपटू पोलीस नाहीतर लष्कराच्या पगारावर वाढतात. ऑस्ट्रियातही तेच. म्हणजे ज्यांच्या घरामागेच डोंगर आणि बर्फ आहे, त्यांनाही खेळाडू घडवायला महिन्याच्या पगाराची हमी लागतेच. फरक एवढाच की ते ती पदकाच्या आधी देतात.

आपल्याकडे? १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पोलिसात नोकरी मिळाली १९५५ साली. आणि अर्जुन पुरस्कार? २००० साली, जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. त्याउलट स्वप्नील कुसाळे बघा. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला, म्हणजे पदकाच्या नऊ वर्षं आधीपासून पगार चालू. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य. योगायोग? मला नाही वाटत. ललितासुद्धा राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेकडूनच धावायची.

लालबाग-परळच्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायची गरजच नाही. आमच्या चाळींतली कबड्डी जगली ती रेल्वे, बेस्ट आणि बँकांच्या नोकऱ्यांवर. मुलगा चांगली चढाई करतो म्हटल्यावर बाप ओरडायचा थांबायचा, कारण चढाईच्या टोकाला एक पगारपत्रक दिसायचं. कायम नोकऱ्या आटल्या तसा बाप पुन्हा ओरडायला लागला. 'आधी अभ्यास कर, खेळून पोट भरतं का?' आणि तो चुकीचं काय बोलतो? माझ्यासकट अर्धा वाडा इंजिनिअर झाला तो याच भीतीने.

म्हणून माझं सरळ मत. ललिताला दिलेली खुर्ची योग्यच, त्यावर कुणी नाक मुरडू नये. पण ती बक्षीस म्हणून मिळाली, आणि बक्षीस शर्यत जिंकल्यावरच मिळतं. जी मुलगी अजून विसाव्या नंबरावर आहे, जिला दहाव्यावर यायला सहा वर्षं लागणार आहेत, तिचं काय? राज्यात नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण तेसुद्धा प्रमाणपत्र हातात पडल्यावरच. प्रमाणपत्र मिळेपर्यंतचं दूध-अंडी, बूट आणि भाडं कोण देणार? बहुतेक वेळा शेती विकणारा बाप.

पटतंय का? नसेल तर जरूर भांडा. फक्त एक करा, पुढच्या ऑलिंपिकमध्ये कुणी दहावं आलं की 'शी, दहावी!' म्हणून चॅनल बदलू नका. जगात दहावं असणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी कितीजणांना आपापल्या कामात ठाऊक आहे?