मोबाईलवरील हाक आणि न्यायालयातील तारीख

वाचकहो, २ एप्रिल २०१८ चा सोमवार आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी जो भारत बंद झाला, त्याची हाक एखाद्या मोठ्या पक्षाच्या कचेरीतून निघालेली नव्हती. लहानमोठ्या संघटनांनी ती दिली, आणि व्हॉट्सॲप व फेसबुक यांच्या वाटेने ती बघता बघता खेडोपाडी गेली. निमित्त होते सर्वोच्च न्यायालयाच्या २० मार्च २०१८ च्या निकालाचे. कराड येथील एका शासकीय महाविद्यालयातून उद्भवलेल्या प्रकरणात न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अटकेस पूर्वपरवानगीची अट घातली, प्राथमिक चौकशीस वाट करून दिली, आणि अटकपूर्व जामिनाचे बंद असलेले दार किलकिले केले. निकाल आणि बंद यांच्यामध्ये अवघे तेरा दिवस होते. ज्यांनी इंग्रजी निकालपत्र कधी हाती धरले नसते, अशा माणसांपर्यंत त्याचा मथितार्थ तेरा दिवसांत पोहोचावा, ही गोष्ट आपल्या चळवळीच्या इतिहासात लहान नव्हे.

१९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. आज आपण आणि आपले लोक यांच्यामध्ये तसा संपादक उभा नाही. म्हणूनच आपल्यातील जे सुशिक्षित गृहस्थ मोबाईलला पोरखेळ म्हणून हिणवितात, त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही. संपादक गेला तरी मालक मात्र गेलेला नाही, हे ध्यानात असावे. त्याच बंदच्या वेळी पंजाबात १ एप्रिलच्या सायंकाळपासूनच मोबाईलवरील इंटरनेट बंद करण्यात आले होते. पुढे १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले की, इंटरनेट बंदीचा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे आणि अशी बंदी बेमुदत ठेवता येणार नाही. निकाल चांगला आहे. परंतु हुकमाची प्रत मिळवून त्यास आव्हान देईपर्यंत बंदचा दिवस मावळलेला असतो.

त्या आंदोलनाचे फळ मिळाले, हे निर्विवाद आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घालून पूर्वपरवानगीची व चौकशीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश स्वतःच मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरविले. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूस मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व राजस्थान येथे मिळून किमान नऊ माणसांचे प्राण गेले, आणि ठिकठिकाणी तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. जमेची बाजू आपण दरवर्षी एकमेकांस पाठवितो. खर्चाच्या बाजूचा हिशेब कोणी ठेविला आहे काय?

हा प्रश्न मी दुसऱ्यांस विचारीत नाही, कारण मीही त्यात दोषी आहे. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची हकीकत सांगतो. भीमा कोरेगावच्या प्रकारानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी जो महाराष्ट्र बंद झाला, त्यात त्याच्यावर बेकायदा जमाव व दंगलीची कलमे लागली. मुलगा पदविकाधारक, घरी आई व दोन बहिणी. जामीन झाला, तारखा सुरू झाल्या. काही काळाने शासनाने असे पुष्कळ गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली, आणि ज्या ग्रुपने त्यास रस्त्यावर बोलाविले होते त्याच ग्रुपवर संदेश आला की, सर्व खटले रद्द झाले. मुलगा आनंदाने तारखेस जाण्याचे थांबला. वास्तविक घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो व न्यायालयाने त्यास संमती द्यावी लागते; पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३२१ होते, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३६० आहे. त्याच्या खटल्यात असा अर्ज झालेलाच नव्हता. एके दिवशी शिपाई अजामीनपात्र वॉरंट घेऊन दारात उभा राहिला. त्याची आई माझ्या कचेरीत आली, तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. मुलाचा मोबाईल होता, आणि त्यावर तो संदेश उघडून तिने माझ्यापुढे धरला. “साहेब, हे खोटं आहे का?” असे तिने विचारले.

तो संदेश मीही पुढे पाठविला होता. ग्रुप वेगळा होता, एवढेच.

वॉरंट रद्द करून घेतले. परंतु नोकरीसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी आली की तो प्रलंबित खटला आजही आडवा येतो. हाक देणाऱ्यांपैकी एकाचाही फोन त्यास आलेला नाही. ते वाईट लोक होते असे मी म्हणणार नाही. हाक देणे एका बोटाचे काम झाल्यामुळे, हाक देणाऱ्याचे दायित्वही तेवढ्यावरच संपते असा समज आपल्यात पसरला आहे. पूर्वी गावात परिषद भरविणारा माणस पुढील सहा महिने त्या गावच्या लोकांच्या तक्रारी ऐकत हिंडे, कारण त्यास तोंड लपविता येत नसे.

दुसरी गोष्ट पुराव्याची, आणि ती मला अधिक जाचते. एखाद्या वस्तीवर हल्ला होतो, कोणीतरी त्याचे चित्रण करतो, आणि सायंकाळपर्यंत ते हजारो मोबाईलवर जाऊन पोहोचते. संताप उसळतो, मोर्चा निघतो. दोन वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा विचारावे, मूळ चित्रण कोणाच्या मोबाईलवर झाले? उत्तर मिळत नाही; मोबाईल विकला गेलेला असतो, वा फुटलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, जालन्याच्या एका निवडणूक प्रकरणात, स्पष्ट केले आहे की, मूळ उपकरण व त्याचा धनी न्यायालयात हजर नसेल तर कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र असल्यावाचून नक्कल ग्राह्य धरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली तर हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते: एक पक्षकाराने, दुसरा तज्ज्ञाने. हजार जणांनी पाहिलेली गोष्ट न्यायाधीशाने पाहू नये, आणि आरोपींनी हसत बाहेर पडावे, याइतके दुःखदायक दुसरे काय असेल?

संदेश लिहिण्याच्या भीतीविषयी थोडे सांगून टाकतो. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील मजकुरापायी अटक झाली होती. ज्या कलम ६६-अ चा तेव्हा आधार घेतला गेला, ते २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयास पुन्हा बजावावे लागले. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ग्रुपचा चालक म्हणून कोणास दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले आहे. तेव्हा निर्भयपणे लिहावे. मात्र ज्याची खातरजमा स्वतः केली नाही ते पुढे पाठवू नये.

माझी सूचना साधी आहे. जो ग्रुप हाक देईल त्याने त्याच दिवशी एक वही उघडावी. तीत अटक झालेल्यांची नावे, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, वकिलाचे नाव आणि पुढील तारीख असावी. चित्रण ज्याने केले त्याचे नाव लिहून, तो मोबाईल मोहोरबंद पाकिटात ठेवून त्यास दुसरा घेण्यापुरती वर्गणी जमवावी. आमच्या तालुक्यात आम्ही तिघा वकिलांनी गेल्या वर्षी अशी वही सुरू केली. तीत आजवर एकोणीस नावे आहेत, आणि त्यांतील चौघांना आपला खटला चालू आहे हेच ठाऊक नव्हते. ज्या वाचकांना आपल्या तालुक्यात हे काम करावयाचे असेल त्यांनी या पाक्षिकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे. वहीचा नमुना मी पाठवून देईन.