आमची हरकत आहे

मी गोदीत बोजे उचलतो. मॅट्रिक झालोय. मोठ्या पेपरांच्या अग्रलेखासारखं गोल गोल लिहिता येत नाही, म्हणून सरळ सांगतो.

परवा मुळशीला गेलो होतो, चुलतीकडं. तिनं सुक्या बोंबलांची पुडी सोडली. कागद तालुक्यातल्याच एका साप्ताहिकाचा. त्यावर जाहीर नोटीस. गट नंबर आमचा! वतन गेल्यावर आज्याच्या नावावर राहिलेला तुकडा. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, अन्यथा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. तारीख तीन महिन्यांपूर्वीची. चुलतीला वाचता येत नाही. कायद्यानं मात्र तिला कळवून झालं.

डोकं फिरलं. तडक पौडला जाऊन त्या पेपरवाल्याला गाठलं. वाटलं होतं, गडगंज असामी असेल. बघतो तर भाड्याचा गाळा, एक टेबल, अंकांचे गठ्ठे. मालक तोच, संपादक तोच, बातमीदार तोच, स्कूटरवर अंक वाटणाराही तोच. म्हणाला, "भाऊ, वर्गणी कोण देतंय? पुढाऱ्यांचे वाढदिवस, प्लॉटवाल्यांच्या जाहिराती आणि नोटिसा, यावर अंक निघतो. त्यांच्याविरुद्ध छापलं तर पुढचा निघायचा नाही." खोटं बोलत नव्हता बिचारा. पण ज्याच्या पैशानं शाई येते, त्याच्याविरुद्ध ती उमटत नाही, हेही तितकंच खरं.

मुळशीला हे नवं नाही. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. पाणी भिऱ्याच्या वीजघरात पडलं, वीज मुंबईच्या गिरण्यांत गेली. गावं बुडत होती मुळशीत, अग्रलेख लिहिले जात होते पुण्याच्या पेठांत. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचं काय बुडालं, हे सांगायला महारवाड्याच्या हातात स्वतःची चार पानं नव्हती.

म्हणून पेपर काढणारी आपली माणसं आठवा. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढला. नागपूरकडं किसन फागुजी बनसोडे यांनी 1910 ला 'निराश्रित हिंद नागरिक', 1913 ला 'विटाळ विध्वंसक', 1918 ला 'मजूर पत्रिका' काढली. हा माणूस थकलाच नाही. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी 1910 साली नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून 'दीनमित्र' सुरू केला आणि पुढं तरवडीतून पन्नासहून जास्त वर्षं चालवला. पेपर काढायला शहरच लागतं, असं कोण म्हणतो?

31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. 'बहिष्कृत भारत' 1927 ला निघाला, 1929 ला पैशाअभावी बंद पडला. 'केसरी'वर बोट दाखवणं सोपं आहे. पण वर्गणी कुणी थकवली? आपणच ना?

आणि आज? 14 एप्रिलला पानभर शुभेच्छा. पुढाऱ्याचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा. असल्या पैशावर निघालेला आपला पेपर आणि पौडचा पेपर, फरक काय राहिला?

दोस्तहो, या अंकात प्लॉटची जाहिरात नाही, पुढाऱ्याचं थोबाड नाही. म्हणूनच छापखान्याची उधारी आहे. मी दोन दिवसांची हमाली टाकलीय. तुम्ही एका सिनेमाचे पैसे टाका. आणि गावाकडं गेलात की तिथल्या पेपरातल्या नोटिसा आईला, चुलतीला वाचून दाखवा. एवढं केलंत तरी मोठं काम झालं.

पंधरा दिवस कधीच उलटले. तरी इथं छापतोय: आमची हरकत आहे.

जय भीम!