समुद्र परातीत मावतो

जून लागला की आपल्या किनाऱ्यावरचा समुद्र लहान मुलांसाठी बंद होतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, सातपाटीच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि केळव्याला, चिंचणीला लाटा पार सुरूच्या बनाकडे झेपावतात. अशा दिवसांत तीन-चार वर्षांच्या पोराला घेऊन किनाऱ्यावर जाणं शहाणपणाचं नाही. बोईसरच्या एमआयडीसीत बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या कितीतरी घरांना तर एरवीही ते जमत नाही. समुद्र रिक्षाच्या अंतरावर, पण मुलानं तो पाहिलाय फक्त मोबाइलवर.

मग बाजार मदतीला धावतो. ‘बीच थीम’चा वाढदिवस, निळा पडदा, फुगवलेला डॉल्फिन, प्लॅस्टिकचा माड. फोटो छान येतात, पण मुलाच्या हाताला काहीच लागत नाही. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला समुद्र नुसता दाखवून भागत नाही, तो हाताळायला द्यावा लागतो. त्यासाठी एक परात, दोन घमेली वाळू, डबाभर शिंपले आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा अर्धा तास पुरतो.

हे शहाणपण आपल्याच मातीतलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला, ऐन समुद्राकाठी, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच त्यांच्या बालवाडीची साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जिथं आहे तिथं शिकण्याची वस्तू पोचवायची, हा त्यामागचा विचार. मूल समुद्रापर्यंत पोचत नसेल, तर समुद्रानं घरी यायला काय हरकत आहे? 1885 च्या सुमारास अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात गरीब वस्तीतल्या मुलांसाठी नुसता वाळूचा ढीग टाकला गेला आणि तिथल्या सार्वजनिक क्रीडांगणांची चळवळ त्यातून उभी राहिली. वाळूची ताकद एवढी मोठी आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. कुणाकडे बांधकाम चालू असेल तर नदीची वाळू मागून घ्या. दगड दळून केलेली नको, तिची धूळ नाकातोंडात जाते. वाळू चाळा, तीन-चार पाण्यांनी धुवा, वाळवा. शिंपल्यांसाठी किनाऱ्यावर जायलाच हवं असं नाही. तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपा उकळून, ब्रशनं घासून घेतल्या की झालं. किनाऱ्यावरून आणायचे तर रिकामेच शंख आणा. ज्यात जीव आहे, तो तिथंच राहू द्या.

परातीत एका बाजूला वाळूचा उतार करा, दुसऱ्या बाजूला पाणी ओता. परात हळूच कलवली की पाणी वाळूवर चढतं, ही भरती. सरळ केली की मागे सरतं, ही ओहोटी. मूल वाळूचा कोट बांधायला घेईल. कोरडी वाळू उभी राहत नाही, ओली राहते, पाणी जास्त झालं की ढासळते. मूल हे तीन-चारदा करून पाहील आणि मग पाणी बेतानं घालायला लागेल. तेव्हा आपण मध्ये बोलायचं नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे दोन पेले ठेवा. साध्या पाण्यात कच्चं अंडं बुडतं, चार-पाच चमचे मीठ नीट विरघळवलं की तरंगतं. तेच खारं पाणी ताटलीत ठेवून द्या. पाणी आटेल आणि मिठाचे खडे उरतील. आपल्या किनाऱ्यावरच्या मिठागरांचं गणित मुलाला डोळ्यांनी कळेल.

खेळातली पात्रंही इथलीच असू देत. रुपेरी पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. ज्या घरात मासे खातात, तिथं तो कापण्याआधी मुलाच्या हातात द्या. कल्ले उघडून दाखवा, चंदेरी अंगावरून बोट फिरवू द्या. बोंबील किती लिबलिबीत आणि त्याचे दात किती अणकुचीदार, हे पाहून मूल थक्क होईल. चित्र काढताना समुद्र निळाच हवा असा हट्ट नको. आपला समुद्र मातकट आहे, तो तसाच रंगवू द्या.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. पाणी वीतभर असलं तरी मूल त्याच्याजवळ एकटं सोडू नका. तोंडात मावेल असा शिंपला लहानग्याच्या हाती देऊ नका. मासा, कच्चं अंडं हाताळलं की साबणानं हात धुवा. खेळ संपला की पाणी ओतून टाका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात डास होतात.

हे सगळं निव्वळ करमणुकीसाठी सांगत नाही. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं आणि त्याविरुद्ध मच्छीमार हरित लवादापर्यंत गेले. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. या किनाऱ्याचं पुढे काय करायचं, हे आज तीन वर्षांचं असलेलं मूल उद्या ठरवणार आहे. ज्याच्या बोटांना वाळू, मीठ आणि शिंपला ठाऊक आहे, त्याला हा समुद्र आपला वाटेल.

म्हणून बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींकडे माझी मागणी आहे. गावातल्या प्रत्येक अंगणवाडीला या पावसाळ्यात एक मोठी परात, दोन पोती धुतलेली वाळू आणि शिंपल्यांचा डबा द्या. खर्च नगण्य आहे. सेविकाताई पुढचं सांभाळतील. ज्या जिल्ह्यात अंगणवाडी जन्मली, तिथं एवढी मागणी करावी लागू नये. पण करावी लागतेच आहे, तर ती लगेच पुरी व्हावी.